आटोक्यात नाही, म्हणजे नक्की काय?

आजार शरीराला होतो, हा एक जुना गैरसमज आहे. आजार होतो तो फाइलला. शरीर नुसतं ती फाइल घेऊन फिरतं. रुग्णालयाच्या कोडिंग विभागातल्या साहेबांना, ज्यांना सगळे अचूकराव म्हणत, हे पहिल्याच दिवशी उमगलं होतं. प्रत्येक निदानाला योग्य क्रमांक देणं हे त्यांचं काम. क्रमांकाशिवाय विम्याची मंजुरी नाही आणि मंजुरीशिवाय खाट नाही. (कळवळ्याला क्रमांक नाही. अचूकरावांनी एकदा रिकाम्या वेळात शोधून पाहिला होता.)

त्या सकाळी मोटार शिकवणाऱ्या एका मास्तरांची फाइल आली. रक्तदाब दोनशे दहा, खालचा एकशे वीस. डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, 'रक्तदाब आटोक्यात नाही. ताबडतोब दाखल करा.'

अचूकराव मनातून दुखावले. आटोक्यात नाही म्हणजे गोळ्या घेऊनही नाही, की न घेतल्यामुळे नाही? शिकलेल्या माणसांनी इतकं मोघम लिहावं! त्यांनी खुलासा मागवून फाइल परत धाडली.

मास्तर बाहेर बाकावर डोकं गच्च धरून बसले होते. त्यांच्या बायकोने खिडकीत तोंड घातलं.

"साहेब, गोळ्या रोज घेतात हो ते! मी स्वतः हातावर ठेवते."

"ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग तुमचं नुसतं ऐकून घेता येतं. नोंदवता येत नाही," अचूकराव मायेने म्हणाले.

डॉक्टरबाई तणतणत आल्या, 'गोळ्या घेऊनही' असं खरडून गेल्या आणि तारीख घालायला विसरल्या. फाइल तारखेसाठी पुन्हा वर त्यांच्याकडे गेली.

ती खाली येईपर्यंत मास्तरांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. बायकोने हंबरडा फोडला. अचूकरावांना मात्र हायसं वाटलं. अर्धांगवायूत मोघमपणा नसतो. फक्त लुळा पडलेला हात रोजच्या वापरातला की दुसरा, यावर क्रमांक बदलतो; म्हणून एवढंच विचारावं लागलं, "मास्तर डावखुरे तर नाहीत ना?"

"नाही हो! सगळं उजव्याच हाताने करतात," बायको रडत म्हणाली.

(हे नातेवाइकांनी सांगितलेलं चालतं.)

क्रमांक चटकन लागला, खाटही मिळाली. महिनाअखेरच्या अहवालात आटोक्यात नसलेल्या रक्तदाबाचे रुग्ण शून्य निघाले आणि विभागाचं कौतुक झालं.

मास्तरांना घरी नेताना बायकोपुढे समाधानपत्रक आलं. सगळी सेवा वेळेवर मिळाली, तक्रार नाही, वगैरे बारीक टायपात. तिने न वाचताच विचारलं, "सही कुठे करायची?"

तिला हसू नका. तुम्ही मागच्या खेपेला जिथे सही केलीत, त्याच्या वर काय लिहिलं होतं, सांगा बरं.