खोलीचा बघण्याचा कार्यक्रम

पुण्यात डेक्कनच्या बाजूला भाड्याच्या खोल्या भाडेकरूला बघायला येतात. तशी एक खोली रविवारी सकाळी रेवती तांडेलला बघायला तिच्या हॉस्टेलच्या अंगणात आली. सोबत एजंट दामले होते. रीतीप्रमाणे रेवतीने अंगणातच स्टोव्हवर पोहे केले. खोलीने खिडकीतून बशी आत घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

रेवती अलिबागकडची, इथे एका इस्पितळात डायलिसिसच्या मशीनवर काम करणारी. परवडणाऱ्या बाकी सगळ्या खोल्या तिला नापसंत करून गेल्या होत्या. हॉस्टेल महिनाअखेरीस पाडणार होते. ही खोलीही गेली तर चंबूगबाळं उचलायचं, नोकरीवर पाणी सोडायचं आणि गाव गाठायचं.

"तांडेल म्हणजे?" खोलीने विचारलं.

"कोळी."

"मग मासे खात असाल."

"हल्ली मुली बाहेरच खातात," दामल्यांनी सावरून घेतलं.

"मी घरी करते. सुके बोंबीलही भाजते."

खोली जरा मागे सरकली. "रात्री यायला उशीर?"

"रात्रपाळी असली की सकाळीच येते."

"बरं. कळवते."

आता 'कळवते' म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. रेवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर रविवारी मान खाली घालून बसायचं, आणि तेही कुणापुढे, तर चार भिंतींपुढे.

"थांबा, आता मी विचारते," ती म्हणाली. "ओल आहे?"

खोलीने मागची बाजू पलीकडे वळवली.

"मागच्या भिंतीला थोडी," दामले पुटपुटले.

"पाणी?"

"दिवसाआड."

"आधीचे भाडेकरू का गेले?"

"मीच घालवले," खोली बारीक आवाजात म्हणाली. "तेव्हापासून रिकामीच आहे."

"मग एवढा तोरा कशाचा?"

रेवतीने स्टोव्ह, तवा आणि बोंबलांचा पुडा उचलला, खोलीचं दार ढकलून आत गेली आणि कडी लावून घेतली.

"अहो ताई, तिचं अजून ठरलेलं नाही," दामले बाहेरून म्हणाले.

"माझं ठरलंय. तिला म्हणावं, चला."

तिने स्टोव्ह पेटवला आणि तव्यावर बोंबील टाकले. खोली बराच वेळ जागची हलली नाही. मग उठली आणि तवा कलंडणार नाही अशा बेताने डेक्कनकडे चालू लागली. वास त्यांच्या आधी पोचला. गल्लीतल्या खोल्यांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. रेवतीने आपली सताड उघडली.