गाव बोटीवर, बाई धक्क्यावर

"प्रवासी कोण होणार?" नगराध्यक्षांनी विचारलं आणि सभागृहातले झाडून सगळे हात वर गेले.

"आणि यजमान कोण होणार?"

सगळे हात खाली आले. एकच वर राहिला, आणि तोही जांभई झाकायला उचललेला होता. हात होता धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं फाडणाऱ्या तिकीटबाईंचा.

"शाब्बास, बाई," नगराध्यक्ष म्हणाले. "यजमान ठरले."

बाईंनी हात खाली घेतला, पण फार उशीर झाला होता. त्यांच्या आयुष्यात बहुतेक गोष्टी अशाच ठरल्या होत्या.

भानगड अशी होती की मोठमोठी पर्यटक जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीला वाटेत थांबायला एखादं छोटं गाव हवं होतं. जहाज दर शनिवारी बाहेर खोल पाण्यात उभं राहणार, लहान बोटींतून प्रवासी गावात येणार, दिवसभर हिंडणार. आपल्या गावाला एवढे लोक झेपतील का, ते बघायला कंपनीची दोन माणसं शनिवारी दुपारी चारला येणार होती. नगराध्यक्षांनी ठरवलं की त्याच दिवशी सकाळपासून रंगीत तालीम करायची. निम्म्या गावाने पर्यटक व्हायचं, निम्म्याने त्यांची सरबराई करायची.

आता शनिवार हा बाईंच्या सुट्टीचा वार. नुसता सुट्टीचा नव्हे. त्या शनिवारी सासूबाई नणंदेकडे जाणार होत्या, मुलगी मैत्रिणीकडे, आणि नवरा, जो तीच फेरीबोट चालवणारा तांडेल होता, तो बोटीवर. दुपारभर घर रिकामं. बाईंनी त्या झोपेची स्वप्नं आठवडाभर जागेपणी बघितली होती. आणि एकदा का ती जहाजं सुरू झाली, की येणारा प्रत्येक शनिवार धक्क्यावर उभं राहून दात दाखवण्यात जाणार, हेही त्यांना दिसत होतं.

"तुम्ही तरी यजमान व्हा हो," घरी आल्यावर त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"मी? मी आयुष्यभर यजमानच आहे," सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस कुणीतरी मला काय हवं नको ते विचारू दे. तुझ्या नणंदेला पण इकडेच बोलावलंय. ती पण पर्यटक."

"आई, मी परदेशी होणार आहे," मुलगी म्हणाली. "माझ्याशी मराठीत बोलू नकोस."

नवऱ्याने ताटातून मान वर काढली नाही. त्याच्या बोटीवर सगळं गाव चढणार होतं, त्यामुळे तो आधीच गेल्यासारखा दिसत होता.

शनिवारी सकाळी गाव धक्क्यावर जमलं. गाव लहान आणि फेरीबोट गाड्या वाहून नेणारी, रुंद, त्यामुळे सगळे मावले. खानावळवाला गॉगल लावून आला होता. न्हावी आयुष्यात पहिल्यांदा टोपी घालून. हॉटेलचा मालक, किराणावाला, रिक्षावाले, एकूण एक गळ्यात कॅमेरा नाहीतर कॅमेऱ्याचं रिकामं पाकीट अडकवून तयार. बोट दीपस्तंभाला वळसा घालून परत आली आणि पर्यटक ऐटीत उतरले.

उतरले, आणि तिथेच घोडं अडलं. खानावळ बंद, कारण खानावळवाला पर्यटक. हॉटेल बंद, कारण मालक पर्यटक. रिक्षा रांगेत उभ्या, आणि रिक्षावाले त्यांच्या शेजारी उभे राहून रिक्षा मिळत नाही म्हणून कुरकुरत होते.

"काय हे गाव," न्हावी म्हणाला. "एक दुकान उघडं नाही. आणि त्या सलूनपुढे केस बघा किती पडलेत. कुणी झाडतं की नाही?"

"सलून तुमचंच आहे," बाई म्हणाल्या.

"मी इथला नाही," न्हावी ताठ मानेने म्हणाला.

दुपारपर्यंत बाईंच्या खिडकीपुढे तक्रारींची जत्रा भरली. बसायला सावली नाही. संडासाला कडी नाही. समुद्राला वास येतो. सासूबाई दोनदा येऊन गेल्या, एकदा पाणी मागायला आणि एकदा पाणी कोमट होतं ते सांगायला. मुलगी आली आणि हातवारे करून भूक लागल्याचं सांगू लागली.

"घरी पोळीभाजी झाकून ठेवलीय, जा," बाई म्हणाल्या.

मुलीने आपल्याला काही कळलं नाही असा चेहरा केला आणि ती पळत घरी गेली.

शेवटी भुकेने कावलेलं गाव आपणहून बोटीत जाऊन बसलं, कारण चहावाल्याने आपला स्टोव्ह बोटीवर मांडला होता. तोही पर्यटकच होता, पण स्टोव्ह घरी ठेवून फिरायला त्याचा जीव धजावला नव्हता.

हे बघून नगराध्यक्षांचे डोळे चमकले. "उतरू नका कुणी. असेच जरा आत जाऊ आणि बरोबर चारला पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत उतरू. काय छाप पडेल."

"साहेब, ओहोटी लागलीय," तांडेल म्हणाला. "एरवी या वेळेला मी रिकामी बोट नेतो. एवढ्या वजनाने बूड टेकेल."

"बूड टेकायलाच माणूस बोटीत बसतो. चला."

तांडेलाने बायकोकडे बघितलं. बाईंनी खांदे उडवले. दोर सुटला. बोट हाकेच्या अंतरावर गेली आणि एखादी म्हैस डबक्यात बसावी तशी सावकाश, समाधानाने गाळात बसली. मग आजूबाजूचं पाणीही हळूहळू निघून गेलं.

बाईंचा फोन वाजला. "बाई, भरती येईपर्यंत आम्ही काही हलत नाही," नगराध्यक्ष म्हणत होते. मागून सासूबाईंचा आवाज येत होता की पैसे भरून कुणी असल्या बोटीत बसेल का. "पाहुण्यांना गुंतवून ठेवा. गाव दाखवा. काहीही करा, पण सगळं तुमच्या हातात आहे. जहाजं हातची गेली तर गाव तुम्हाला माफ करणार नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या खिडकीमागच्या खुर्चीत टेकल्या. बाहेर सगळीकडे सामसूम होती. एवढी शांतता त्यांनी लग्नानंतर ऐकली नव्हती.

गाडी आली. एक मॅडम आणि एक साहेब उतरले. दोघांचे चेहरे चुरगळलेले. त्यांनी इकडेतिकडे असं बघितलं, जणू कुठल्या कोपऱ्यातून आता बँड निघणार आहे.

"स्वागत समिती?" साहेबांनी दबकत विचारलं.

बाईंनी गाळाकडे बोट दाखवलं. लांब बोटीच्या कठड्यावर अख्खं गाव ओळीने उभं राहून हात हलवत होतं. शब्द पोचत नव्हते.

"आणि भाषण?"

"ते पण तिकडेच आहे."

"इथे बघण्यासारखं काय आहे?" मॅडमनी कर्तव्य म्हणून विचारलं.

गाव दाखवायला हवं होतं. बाईंनी उठायचा प्रयत्न केला, पण पायांनी साफ नकार दिला. "आत्ता काही नाही," त्या म्हणाल्या. "बसा ना. मी पण सकाळपासून उभी आहे."

मॅडम आत येऊन तिकीटघरातल्या बाकावर बसल्या. जरा वेळाने त्यांनी बूट काढले. "महिनाभर हिंडतोय आम्ही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक गावात ढोल. प्रत्येक गावात शंख-शिंपल्यांचा गणपती नाहीतर होडी गळ्यात मारतात. पाणी प्यायला वाकलं तरी फोटो."

"मला तर झोपेतही सत्कार दिसतो," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या बाकावर आडवे झाले.

बाईंनी पंखा त्यांच्याकडे वळवला, खिडकीची झडप ओढली आणि स्टुलावर पाय टाकले. क्षणभरासाठी, असं त्या मनाशी म्हणाल्या.

भरती आली, बोट तरंगली, गाव धक्क्याला लागलं. नगराध्यक्ष चिखलाळलेल्या पँटने धावत खिडकीपाशी आले आणि तिथेच थिजले. आत तिघं घोरत होती.

पुढचा आठवडा बाईंचा फार वाईट गेला. न्हावी सगळ्यांना सांगत सुटला की बाईंनी गाव बुडवलं. घरी सासूबाई त्यांच्याशी भिंतीमार्फत बोलत होत्या. अखेर कंपनीचा फोन आला तेव्हा नगराध्यक्ष मुद्दाम तिकीटखिडकीत येऊन बसले आणि त्यांनी स्पीकर लावला, म्हणजे बाईंचा निकाल सगळ्यांसमोर लागावा. दारात गाव दाटलं होतं.

"तुमचं गाव आम्हाला पसंत आहे," पलीकडून मॅडम म्हणाल्या. "असा आराम कुठेच मिळाला नाही. आमच्या प्रवाशांना हेच हवंय. दर शनिवारी जहाज येईल. फक्त एक अट आहे. व्यवस्था त्या दिवशी होती तशीच हवी."

"तशीच म्हणजे?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे गावातली सगळी मंडळी तिकडे बोटीवर. आणि इकडे फक्त त्या बाई."

फोन बंद झाला. खानावळवाल्याने गॉगल काढला. "दर शनिवारी? गाळात?"

"चहा मात्र चांगला होता," सासूबाई म्हणाल्या. पण त्यात नेहमीची धार नव्हती.

नगराध्यक्ष बाईंकडे वळले. त्यांचा आवाज पार उतरला होता. "बाई, तुमच्या सुट्टीचा वार आहे, कळतंय मला. पण गावासाठी एवढं कराल? एकटीवर फार भार पडेल."

बाईंनी मान खाली घातली आणि एक लांब सुस्कारा सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तो मुद्दाम काढावा लागला.

"बघते," त्या म्हणाल्या.