अत्यंत समाधानी ग्राहकाची तक्रार

कुरामोची तेत्सुजी यांच्या तोफूच्या छोट्या ट्रकमधून, चढावर तिसरा गिअर टाकला की, आवाज येत असे. तो तेत्सुजींना ऐकू येई, त्यांच्या बायकोला ऐकू येई, डोंगरातल्या सात वाड्यांना ऐकू येई. ऐकू येत नसे फक्त एका ठिकाणी, जिथे तो ऐकण्याचा पगार मिळतो.

जात्यात खडे पडावेत आणि त्याच वेळी कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा, तसा तो आवाज. ट्रकची वॉरंटी मार्चअखेर संपणार होती. त्याआधी गिअरबॉक्स बदलून मिळाला तर ठीक. नाही तर नवा बसवायची ऐपत नाही, म्हणजे फेरी बंद, म्हणजे धंदा बंद. वरच्या वाड्यांमधलं शेवटचं दुकान कधीच बंद झालं होतं. तिथल्या म्हाताऱ्यांना तोफू, अंडी, मिसो आणि मिळाली तर मासळी पोचवणारा तेवढा एकच ट्रक उरला होता.

तेत्सुजी स्वभावाने वाघ. पण हा वाघ डरकाळी फोडी ती फक्त स्वतःच्या स्वयंपाकघरात.

"आज जातो आणि असा सुनावतो एकेकाला!"

"सुनवा की," बायको नोबुए म्हणाली. "मागे बँकेवाल्याला सुनवायला गेलात आणि विमा काढून आलात. या वेळी सहीचा शिक्का घरीच ठेवून जा."

तेत्सुजी शिक्का खिशात घालूनच गेले. हीच पहिली चूक.

सर्व्हिस सेंटरचे प्रमुख इनागाकी दारापर्यंत आले आणि कमरेत वाकले. गरम टॉवेल आला. चहा आला. एवढ्या वाकलेल्या माणसावर ओरडायचं म्हणजे पडलेल्याला लाथ मारायची. तेत्सुजींनी घसा साफ केला.

"तसं विशेष काही नाही हो. तुम्ही कामात असाल. माझेच कान म्हातारे झाले असतील. पण जरासा, अगदी जरासा आवाज..."

तिकडे असंच सुरू करतात. पाणी नाकापर्यंत आलं तरी माणूस 'जरा ओल वाटते' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. इनागाकी पक्के तिकडचेच होते, त्यांना सगळं समजलं. पण कंपनीच्या फॉर्मवर समजून घेण्याला रकाना नव्हता. त्यांनी लिहिलं: 'ग्राहकाच्या मते विशेष काही नाही. ग्राहकाचे कान वृद्ध.'

मग ट्रक आवारात चालवून पाहण्यात आला. आवार कॅरमबोर्डासारखं सपाट.

"चढावर येतो हो तो," तेत्सुजी म्हणाले.

"अत्यंत दिलगीर आहे. चाचणीच्या नियमावलीत चढ नाही."

"का बरं?"

"चढावर गाडी नेली तर आवाज येण्याची शक्यता असते."

निघताना इनागाकींनी दोन्ही हातांनी एक कागद पुढे केला. आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? खाली पाच चौकोन. इनागाकी आवाज उतरवून म्हणाले, "'अत्यंत समाधानी'च्या खाली खूण गेली, तर सोमवारच्या बैठकीत मला सगळ्यांसमोर उभं राहून आत्मपरीक्षण वाचून दाखवावं लागतं. धाकटी यंदा प्रवेशपरीक्षेला बसतेय."

आत्मपरीक्षणाचा आणि धाकटीचा काय संबंध, हे तेत्सुजींना कळलं नाही. पण काळजाला कुठे तर्क लागतो? त्यांनी 'अत्यंत समाधानी'वर खूण केली, शिक्का उठवला आणि शेऱ्याच्या जागी आपणहून लिहिलं: 'चहा उत्तम.' मूर्ख माणूस! पण तक्रारीच्या खिडकीशी मूर्ख न ठरलेला माणूस कुणी पाहिलाय?

दुसऱ्या खेपेला त्यांनी आवाज मोबाईलवर भरून नेला. मुख्यालयाच्या ध्वनिविभागाने तीन आठवडे तो ऐकला आणि कळवलं, की आवाज आहे, मात्र तो दोष नसून या मॉडेलचा स्वभाव आहे.

"स्वभाव?"

"काही माणसं घोरतात," इनागाकी नम्रपणे म्हणाले. "म्हणून आपण त्यांना परत करतो का?"

तेत्सुजींना यावर फक्कड उत्तर सुचलं, पण ते घरी पोचल्यावर. तोवर 'अत्यंत समाधानी'वर शिक्का बसला होता.

तिसऱ्या खेपेला मुख्यालयाचा तज्ज्ञ मुद्दाम आला. त्याने ट्रकला हातही लावला नाही. तो तेत्सुजींना तपासू लागला.

"गिअर बदलताना आपल्या मनात काय असतं?"

"तोफू."

"हं," तज्ज्ञाने टिपून घेतलं. "म्हणजे गिअर नसतो."

खूण. शिक्का. 'तज्ज्ञ मनमिळाऊ.'

अशा आणखी चार खेपा झाल्या. फेब्रुवारी संपत आला तेव्हा नोबुए म्हणाली, "अहो, तुमचं कुणी ऐकत नाही ना, मग वरच्या वाडीतल्या बायकांकडून लिहून आणा. त्या रोज ऐकतात तो खडखडाट. साक्षीला एकोणनव्वद वर्षांची म्हातारी असली, की कुणाची टाप आहे नाही म्हणायची?"

ही कल्पना नामी होती. सर्वांत वरच्या वाडीतल्या शिगे आजींनी पुढाकार घेतला. पाच म्हाताऱ्या थंडीत बसून ब्रशने, चांगल्या कागदावर पाच पत्रं लिहू लागल्या. आता चांगल्या कागदावर वाईट कसं लिहायचं? प्रत्येकीने आधी हवामानाची चौकशी केली, मग लिहिलं: 'तोफूवाल्यांच्या ट्रकचा आवाज दोन वळणं आधीच येतो. त्यामुळे पाकीट शोधून, चपला घालून वेळेवर बाहेर पडता येतं. ट्रक बनवणाऱ्यांचे आम्ही फार आभारी आहोत.'

तेत्सुजींनी पत्रं न उघडताच पाठवली. दुसऱ्याचं पत्र वाचणं बरं दिसत नाही.

मुख्यालयाचं उत्तर मात्र विजेच्या वेगाने आलं. 'सदर आवाज लोकोपयोगी असल्याचे लाभार्थींनी लेखी कळवले आहे. तो बंद केल्यास ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय होईल, ज्याची जबाबदारी कंपनी घेऊ शकत नाही. शिवाय आपल्या नावे 'अत्यंत समाधानी' असे शिक्कामोर्तब केलेले सात कागद आमच्याकडे आहेत. सात वेळा अत्यंत समाधानी असलेला ग्राहक तक्रार करणे संभवत नाही. आपल्या नावाने कुणी भामटा आमच्याकडे येत असावा, अशी आम्हांस काळजी वाटते. कृपया पोलिसांत कळवावे.'

खाली ताजा कलम: या सात कागदांमुळे आमची इनागाकींची शाखा ग्राहक-समाधानात जिल्ह्यात पहिली आली आहे. एकतीस मार्चला समारंभ आहे. आदर्श ग्राहक म्हणून पुष्पगुच्छ आपल्या हस्ते.

"जाऊ नका," नोबुए म्हणाली.

"जाणार! वॉरंटीचा शेवटचा दिवस आहे. दीडशे माणसांसमोर, माईकवर सांगतो. बघू मग कसं ऐकत नाहीत."

सभागृह भरलेलं होतं. तेत्सुजी माईकपुढे उभे राहिले. पहिल्या रांगेत इनागाकी, त्यांची बायको आणि ती धाकटी. तिघांचेही डोळे ओले. तेत्सुजींनी मूठ आवळली. "माझ्या ट्रकमधून..." ते म्हणाले, आणि माईक किंचाळला.

चार माणसं धावत आली. चौघंही वाकली. दहा सेकंदांत माईक बदलून मिळाला. कुणी पुरावा मागितला नाही, माईकचा स्वभाव काढला नाही, बोलताना मनात काय होतं तेही विचारलं नाही. तेत्सुजी त्या नव्या माईककडे बघत राहिले. इतकी तत्पर माणुसकी पाहून त्यांना भरून आलं.

"...माझ्या ट्रकमधून इथवर येताना," त्यांनी वाक्य पुरं केलं, "आपल्या सेवेची आठवण येत होती. आभारी आहे."

टाळ्या बराच वेळ चालल्या.

एक एप्रिलला सकाळी, शेवटच्या चढावर, गिअरबॉक्सने आपला सगळा स्वभाव एकदमच बाहेर काढला. मग ट्रक गप्प झाला तो कायमचा. तेत्सुजींनी तोफूचा क्रेट खांद्यावर घेतला आणि पायी वर गेले. शिगे आजींच्या अंगणात पाचही जणी उभ्या होत्या.

"अरे, आज आवाज मधेच थांबला तुझा?"

"मेला तो ट्रक, आजी! तुमच्या पत्रांनी मारला! त्यांनी ती छापून पाठवली मला. खडखडाटाचे आभार कोण मानतं?"

"मग काय लिहायचं होतं? ट्रक भिकार आहे म्हणून? समोरच्याला किती लागेल ते!"

"लागू दे!" तेत्सुजींचा वाघ साठाव्या वर्षी प्रथमच स्वयंपाकघराबाहेर आला. "गोड बोलूनच वाटोळं झालं माझं! माणसाने मनातलं तोंडावर सांगावं. आजपासून मी सांगणार, तुम्हीही सांगा!"

आजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"सांगू?"

"सांगा!"

"तुझा तोफू कडवट लागतो रे. दोन वर्षं झाली. सोयाचं दूध नासवायचा खार जास्त पडतो बघ तुझ्याकडून. आमचा कुत्रासुद्धा हुंगतो नि लांब जातो."

मागच्या चौघी एकदम डोंगराकडे बघू लागल्या.

तेत्सुजींनी क्रेट खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. मग ते कमरेत वाकले, चांगले खोल.

"ऐकून मनापासून वाईट वाटलं, आजी. खाल्लात किती वाजता? फ्रिजच्या कितव्या खणात ठेवला होता? दात नवे बसवलेत का इतक्यात?"

"दात जुनेच आहेत."

"मग जीभ दाखवून घ्या एकदा डॉक्टरांना. कारण बाकी कुणाची काही तक्रार नाही." ते चौघींकडे वळले. "काय हो? कसा लागतो आपला तोफू?"

"छान!" चौघी म्हणाल्या. एक तर 'अप्रतिम' म्हणाली.

शिगे आजींनी मान खाली घातली. "माझंच काही चुकत असेल," म्हणत दोन तोफू घेतले.

त्या चौघींना खुशाल हसा. फक्त आधी एवढं आठवा: मागच्या लग्नात हात धुताना यजमानाने 'जेवण कसं झालं?' म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?