काकडा आणि सायलेन्सर

मोटारसायकलच्या सायलेन्सरला पट्टी गुंडाळायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात देवाला ओढायचा माझा मुळीच विचार नव्हता.

झालं असं की, हिंगोलीच्या तहसिलीत कारकुनी करता करता मी एक जुनी मोटारसायकल पदरात पाडून घेतली. (ती माझ्या पदरात पडली की मी तिच्या, यावर घरात दोन मतं आहेत. दोन्ही माझ्या बायकोची, म्हणजे पद्मजाचीच.) पहिल्याच फेरीत तापलेल्या सायलेन्सरनं तिच्या नव्या लुगड्याचा काठ भाजला.

"भाऊबिजेला वसमतला मी दमणीनं जाईन," तिनं जाहीर केलं. "तुमी या त्या भट्टीवर बसून!"

दमणीनं! बैलांच्या शेपट्या बघत! मग मी मोटारसायकल घेतली कशासाठी? बायकोला मागं बसवून सासऱ्यांच्या दारात फटफट करत उतरायचं आणि मेव्हण्यानं तोंडात बोट घालायचं, एवढ्याचसाठी तर!

जिनिंग फॅक्टरीतला इंजिनवाला किसनसिंग माझ्या ओळखीचा. त्यानं इंजिनाच्या नळ्यांना गुंडाळतात ती अ‍ॅसबेस्टॉसची पांढरी पट्टी दिली.

"दिसती कापडावानी, बाबूजी, पण आगीत घातली तरी जळत न्हाई. ओली करून बराबर गुंडाळा."

मी ती आणून देवघराच्या कोनाड्यात ठेवली. ते काकडआरतीचे दिवस. देवळातल्या काकड्याची पाळी गल्लीतल्या एकेका घराकडे असायची. दुसऱ्या दिवशी आमची पाळी होती आणि काकडा वळायला पद्मजानं मांजरपाटाच्या पट्ट्या फाडून त्याच कोनाड्यात ठेवल्या होत्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.)

पहाटे पद्मजा काकडा घेऊन देवळात गेली. उजाडल्यावर मी कोनाड्यात उरलेली पट्टी भिजवून सायलेन्सरला गुंडाळली आणि कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला लागलो. आधी वाफ निघाली. म्हटलं, औषध लागू पडलं! मग धूर आला. मग पोटरीला चटका बसला, खाली पाहतो तो ज्वाळा!

समोरून येणाऱ्या एका बाईनं डोक्यावरची अख्खी घागर मोटारीवर रिकामी केली.

"मोटार भाजून राहिले का बाप्पा?" तिनं विचारलं. "कच्ची चालत न्हाई व्हय?"

मोटार ढकलत घरी आलो, तर दारात ही गर्दी! बाया पद्मजाच्या पाया पडत होत्या. पुजारी विश्वंभरबुवा पुढे धावले.

"बंडोपंत, नवल झालं! तेल संपलं, ज्योत विझली, पण वहिनींचा काकडा सूतभर कमी झाला नाही!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो बुवा, ती इंजिनाची पट्टी! ती जळतच नाही!"

"इंजिनाची पट्टी तर तुमी मोटारीला गुंडाळली ना?" बुवांनी सायलेन्सरवरच्या जळक्या चिंध्यांकडे बोट दाखवलं.

"हो. म्हणजे नाही. ती काकड्याची होती. म्हणून जळली!"

"काकड्याची जळली, अन् काकडा जळला नाही?" बुवांना माझी कीव आली. "भाव लागतो, बंडोपंत, भाव."

एवढ्यात पद्मजा म्हणाली, "मी येते मोटारीवर. पण पट्टी माझ्या हातानं गुंडाळीन."

मला आनंदानं भरून आलं! ती आत गेली आणि सासुरवाडीला नेसायचं माझं जरीकाठी धोतर घेऊन आली. धुवट असं तेवढंच होतं म्हणे. सगळ्यांच्या देखत ते तिनं सायलेन्सरला गुंडाळलं. मी बादलीभर पाणी जवळ ठेवून किक मारली. पुन्हा मारली. पाय सुजेपर्यंत मारली. घागरभर पाणी प्यालेली मोटार कशाला सुरू होते!

"पाहा!" बुवा गरजले. "धोतराला डाग तरी लागला का?"

गर्दीनं देवाचा गजर केला. कुणीतरी पद्मजासाठी दमणी जुंपून आणली आणि ती थाटात वसमतला निघाली.

"अगं, माझं धोतर?" मी दमणीमागं धावलो.

"सोडू नका हो! लोक दर्शनाला येतील."

आले ना! भाऊबिजेच्या दिवशी तर रांग लागली. येणारा प्रत्येक जण मोटारसायकलला हळदकुंकू वाहायचा आणि जोडे सांभाळायला माझ्याकडे द्यायचा.