काठाचे नुकसान : निरंक

दोन हजार चार सालच्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला आणि नाशिकच्या खालच्या अंगाला दोन्ही काठ ढासळले. ढासळला नाही तो फक्त झुंबरबाईंच्या झेंडूच्या मळ्यालगतचा. नुकसानीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘निरंक’ आले. ही बाब गंभीर असल्याने पाहणीसाठी शाखा अभियंता फकिरा ताजणे यांना पाठवण्यात आले.

त्याच सुमारास वरून ‘नैसर्गिक तटरक्षण योजना’ आली होती. सिमेंटच्या भिंतीऐवजी झाडे आणि गवत लावून काठ धरून ठेवायचा, अशी ती शहाणी योजना होती. दीड किलोमीटर काठ मंजूर झाला. त्यात अडीचशे मीटर झुंबरबाईंच्या मळ्यापुढचे होते.

ताजण्यांनी पाहिले, पाण्याला लागून वाळुंजीची दाट रांग, मागे करंज, उतारावर वाळ्याचे गवत. त्यांनी गवताचा एक झुपका उपटून पाहिला. हाताचे सालपट निघाले, झुपका जागेवरच राहिला.

“हे कुणी लावलं, आक्का?”

“काही आपसूक आलं, काही आम्ही खोचलं,” झुंबरबाई म्हणाल्या. “मागं वस्तीची चाळीस घरं हायेत. पाणी दारापतुर येतं भाऊ, पण माती नेत नाय.”

ताजणे येवल्याकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव; त्या दिवशी ते फार खूश झाले. त्यांनी अहवालात लिहिले, ‘येथे कामाची आवश्यकता नाही. आहे ते जपावे.’ बावीस वर्षांच्या नोकरीत कुणालाही न विचारता लिहिलेले हे त्यांचे पहिलेच वाक्य. तिसऱ्या दिवशी अहवाल परत आला.

मोठे साहेब शांत गृहस्थ होते. “ताजणे, योजना कसली आहे?”

“काठावर झाडं लावण्याची, साहेब.”

“मग तिथे आधीच झाडं असतील, तर लावणार कुठे?”

“तेवढा भाग वगळू.”

“वगळला तर काम सलग राहत नाही. सलग नसेल तर मंजुरी राहत नाही. आणि ही झाडं लावण्याचा आदेश आहे?”

“नाही साहेब. ती आपोआप...”

“म्हणजे शासकीय जागेवर विनापरवाना उगवली. ‘झाडोरा साफ करणे’ हे अंदाजपत्रकात बाब क्रमांक एकमध्येच आहे. लिहा.”

ताजण्यांनी लिहिले. शेवटी झाडेच लागणार आहेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

जेसीबी आला तेव्हा झुंबरबाई आडव्या उभ्या राहिल्या. “झाडं लावायला झाडं तोडता व्हय?”

“नवीन लावणार आहोत, आक्का. नैसर्गिक.”

“आन् ही कोणची हुती?”

या प्रश्नासाठी नमुन्यात रकाना नव्हता. वाळ्याची मुळे निघता निघेनात. बकेटचा एक दात तुटला, म्हणून अहवालात ‘कठीण भूस्तर’ दाखवावा लागला.

मंजूर यादीत गुलमोहर, शोभेचे पाम आणि लॉन होते, कारण नकाशा कुठल्याशा बागेचा होता. मुळे धरेपर्यंत निसर्ग वाहून जाऊ नये म्हणून त्याला सिमेंटची कड बांधण्यात आली. पाटी लागली : ‘येथे निसर्ग काम करीत आहे. आत जाऊ नये.’ उद्घाटनाला झुंबरबाईंना आदर्श लाभार्थी म्हणून शाल मिळाली.

पुढच्या ऑगस्टमध्ये नदीने लॉन सतरंजीसारखे गुंडाळून नेले. मग कड फुटली, मग अर्धा मळा गेला, आणि वस्तीतल्या सात घरांच्या मागच्या भिंती बसल्या. मनुष्यहानी झाली नाही, हे योजनेचे यश म्हणून नोंदवण्यात आले.

ताजणे गेले तेव्हा झुंबरबाई तुटलेल्या कडेवर बसल्या होत्या. शिव्या खायची त्यांनी तयारी ठेवली होती. पण त्या एवढेच म्हणाल्या, “च्या घेतोस का, भाऊ?”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली. नदीच्या वरच्या अंगाहून वाळुंजीच्या फांद्या आणि वाळ्याची रोपे स्वतःच्या स्कूटरवरून आणली. वस्तीतल्या बायका आल्या. कोणताही आदेश नसताना काठभर लागवड झाली. तीन पावसाळ्यांत वाळुंज डोक्याच्या वर गेली. दोन हजार आठच्या मोठ्या पुरात पाणी दारापर्यंत आले आणि माती न घेता परत गेले.

तोवर वस्तीच्या मागे नदी दाखवणाऱ्या सात मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिथून अर्ज आला : खालच्या मजल्यांवरून नदी दिसत नाही, झुडपांमुळे डास होतात, सापाचे भय वाटते, तरी सदर जंगल काढून सकाळच्या फेरीसाठी फरसबंद रस्ता करावा. खाली एकशे बेचाळीस सह्या होत्या. बरेच जण पर्यावरण मंडळाचे सभासद होते. अर्जाचा कागदही पुनर्वापराचा होता.

विनापरवाना वृक्षलागवडीबद्दल ताजण्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

“कोण हायेत ही लोकं?” झुंबरबाईंनी विचारले.

ताजण्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि घडी घातली. “चांगली माणसं आहेत, आक्का.”

सुनावणी सोमवारी आहे. यादी कार्यालयाच्या फलकावर लावलेली असून, शासनाला नावे ठेवण्यापूर्वी वाचकांनी तीत आपले नाव नसल्याची खात्री करून घ्यावी.