फोनवरचा नकली वेंडेल

"आज मी पोरीच्या कामात नाक खुपसणार नाही!" वेंडेल क्रॅबट्रीनं सकाळीच बायकोसमोर जाहीर केलं. "एक शब्द बोलणार नाही. दगड होऊन बसणार!"

"बघू," म्हणत इमोजिननं तव्यावरचं बेकन उलटलं.

आता हा वेंडेल म्हणजे ऐरागैरा नव्हे. त्याचा आवाज ओळखत नाही असा माणूस अख्ख्या टेनेसीत शोधून सापडला नसता. गिटार घेऊन त्यानं तीन पिढ्यांना रडवलं होतं. पण त्याची लेक डार्ला बापाच्या नावावर गायला तयार नव्हती. भलती मानी पोर! आईच्या माहेरचं आडनाव लावून ती डार्ला प्रुइट झाली आणि जत्रेत, बारमध्ये, अगदी गुरांच्या लिलावातसुद्धा गात फिरली. लोक तिच्याकडे पाठ करून बैलाचे दात बघत, तरी ही शेवटच्या कडव्यापर्यंत मन लावून गाई. वेंडेलला तिचा कोण अभिमान!

आज ती गावच्या रेडिओवर गाणार होती. तेही कुठे? लोक फोन करून जुने ट्रॅक्टर, कोंबड्या, खाटा विकतात त्या कार्यक्रमात! निवेदक ओटिसनं अट घातली होती, श्रोत्यांनी फोन करून गाणं पुन्हा मागितलं तर दर शनिवारचा अर्धा तास तिचा. नाहीतर नारळ!

डार्ला गायली. वरचा सूर तिनं असा अलगद उचलला, की वेंडेलच्या हातातली कॉफी हातातच राहिली.

"इमोजिन, हा सूर मला जन्मात लागला नाही गं!"

गाणं संपलं. पहिला फोन आला. "ते वॉशिंग मशीन गेलं का?"

दुसरा आला. "बकरी गाभण आहे ना नक्की?"

"गाणं कसं वाटलं?" ओटिसनं आशेनं विचारलं.

"कुठलं गाणं? मी बकरीचं विचारतोय!"

झालं! वेंडेलनं झडप घालून फोन उचलला.

"दगड ना तू?" इमोजिन म्हणाली.

"दगडाला पाझर फुटला!" असं म्हणून त्यानं नंबर फिरवला. "हॅलो, मी क्लीटस. साधा शेतकरी. त्या मुलीचं गाणं पुन्हा होऊ द्या."

ओटिस खदाखदा हसला. "मंडळी, आला आणखी एक वेंडेलची नक्कल करणारा! काका, नाकातून बोलणं जमलंय. पण खऱ्या वेंडेलच्या आवाजात दम आहे हो!"

"दम? मग ऐक!" वेंडेलचं डोकं फिरलं. त्यानं आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं फोनवरच सुरू केलं, आणि रेडिओच्या बाकीच्या लाइनी खणखणू लागल्या.

"त्या म्हाताऱ्याला आवरा! माझ्या कोंबड्या बिथरल्या!"

"कुणीही उठतं आणि वेंडेल होतं! त्यापेक्षा ती पोर किती छान गायली!"

"बकरी गेली खड्ड्यात! पोरीला गाऊ द्या!"

डार्लानं तो आवाज पहिल्याच ओळीला ओळखला होता. हसू दाबत ती माइकवर म्हणाली, "काका, रियाज सोडू नका. जमेल हळूहळू."

मग ती पुन्हा गायली. आता कुणी बकरीचं नाव काढलं नाही. रिसीव्हर कानाला लावून वेंडेल लहान मुलासारखा रडला. पोर त्याच्या पुढे गेली होती, आणि त्याला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

"डार्ला, शनिवार तुझा!" ओटिस ओरडला. "क्लीटसभाऊ, आहात का अजून? या मुलीचा एवढा कळवळा कशापायी हो?"

खरं नाव वेंडेलच्या अगदी ओठावर आलं. ते त्यानं गिळलं.

"मी... तिचा बाप आहे."

"अरेच्चा! मग आधीच सांगायचं ना! बापाला सगळं माफ!" ओटिसचा आवाज एकदम मऊ झाला. "पोर हिरा आहे हो तुमची, प्रुइटसाहेब! फक्त यापुढे गाणं तिच्यावरच सोडा."

"आभारी आहे," प्रुइटसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

इमोजिन हसून हसून खुर्चीत कोसळली होती. डोळे पुसत म्हणाली, "लग्नात मी आडनाव बदललं, वेंडेल. आज तुझी पाळी!"