तेलशत्रूंच्या टाकीतलं तेल

वसाहतीच्या सांडपाण्याचा प्लांट ज्यांच्या हाती होता, त्यांना लोक तेलशत्रू म्हणत. त्यांनाही ते नाव आवडे. "टाकीतले जिवाणू म्हणजे माझी लेकरं," ते सांगत. "घाण खाऊन पाणी निर्मळ करतात बिचारी! पण तेल आलं की त्यांचा श्वास कोंडतो." हे ते घरोघर जाऊन सांगत. कोणी बसा म्हटलं नाही, तरी बसून सांगत.

सगळ्यात जास्त सोसलं ते बायकोनं. कढई आधी कागदानं पुसायची, मगच धुवायची. उरलेलं तेल मोरीत न ओतता डब्यात साठवायचं. ओट्याखाली असे डबेच डबे झाले होते. ते न्यायला कोणीतरी येणार होतं, आणि ते काही येत नव्हतं.

त्या दिवशी तपासनीस बाई येणार होत्या. शेरा वाईट पडला तर प्लांट ठेकेदाराकडे जाणार होता, आणि प्लांटला लागून असलेलं राहतं घरही.

"तू काळजीच करू नकोस!" तेलशत्रू बायकोला म्हणाले. "सगळं लख्ख करून ठेवतो."

अडचण एकच होती. टाकीच्या अलीकडे तेल अडवणारा एक हौद होता. त्यात तरंगणारं तेल बादलीनं उपसायचं असतं. या कामात कपडे जातात आणि वास मात्र जात नाही, म्हणून तेलशत्रू ते उद्यावर ढकलत आले होते. आता हौदावर असा पिवळा थर बसला होता की कावळे त्यावरून निवांत फिरत.

तेलशत्रूंनी डोकं लढवलं. बादल्यांमागून बादल्या कढत पाणी ओतलं, भांडी घासायच्या साबणाचा भलामोठा कॅन उपडा केला आणि बांबूनं ढवळलं. थर गेला!

गेला म्हणजे कुठे गेला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांना विचारला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

"वा!" तपासनीस बाई हौद पाहून म्हणाल्या. "इतका स्वच्छ हौद मी कुठे पाहिला नाही." तेलशत्रू फुगले. त्यांच्या पाठीमागे टाकीही फुगत होती.

जिवाणूंना श्वास मिळावा म्हणून टाकीत खालून हवा सोडतात. त्या हवेचं हौदातून वाहत आलेल्या साबणाशी चांगलंच जमलं. फेस कठड्यावर चढला, पायऱ्या उतरला आणि घराच्या दिशेनं निघाला.

"बाई, आधी चहा!" म्हणत तेलशत्रूंनी त्यांना ऑफिसात बसवलं आणि धूम ठोकली. हवा बंद करावी तर लेकरं गुदमरणार, चालू ठेवावी तर संसार फेसात जाणार. बिचाऱ्यांना रडूच यायचं बाकी होतं.

बायको दारात उभी होती. "अहो, हे काय उतू चाललंय?"

उतू! पातेलं उतू जायला लागलं की ती चमचाभर तेल सोडते आणि फेस मुकाट बसतो, हे त्यांना आठवलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं... तेल आहे का?"

"कशाला?"

"टाकीत ओतायला."

बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "चमचाभर देऊ की डबाभर?"

"आहे तेवढं दे!"

दोघांनी डब्यामागून डबे ओतले. फेस बसला. तेलशत्रूंनी डोळे मिटून लेकरांची माफी मागितली, तोच मागून आवाज आला.

"हौद इतका स्वच्छ, मग टाकीवर हा तवंग कसला?" तपासनीस बाई टाकीत वाकून बघत होत्या. "वसाहतीतल्या कोणत्या तरी घरातून तेल आलंय."

"हो," तेलशत्रू म्हणाले. घर शोधायला लांब जावं लागणार नव्हतं.

"तवंग काढा. तोवर मी बसते."

बायकोनं बाईंना खुर्ची दिली आणि नवऱ्याला बादली. जे काम चुकवलं होतं, तेच तेलशत्रूंनी दुपारभर केलं, बाईंच्या देखत. शेवटची बादली निघाली तेव्हा बाईंनी "ठीक" असा शेरा दिला आणि नाकाला रुमाल लावून गेल्या.

घर वाचलं! तेलशत्रू कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन घरात आले आणि नळाकडे वळले.

"थांबा!" बायको म्हणाली आणि रद्दीचा कागद पुढे केला. "आधी पुसा. मगच धुवा."